आडनाव त्याचंच, ताट आपल्या घरचं: प्रतिपालकत्व म्हणजे नेमकं काय

जून २०२४ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने सुधारित मार्गदर्शक तत्त्वं काढली. आता अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित अशी एकटी व्यक्तीही परक्या मुलाला आपल्या घरी सांभाळू शकते. बातमी वाचून बऱ्याच जणांना वाटलं, दत्तकाचे नियम सोपे झाले. तसं झालेलं नाही. ही तत्त्वं प्रतिपालकत्वाची आहेत, म्हणजे ज्याला आपण फॉस्टर केअर म्हणतो त्याची. दत्तक आणि प्रतिपालकत्व यांतला फरक कळला नाही तर पुढे घरातल्या मोठ्यांना मनस्ताप होतो. मुलाचं नुकसान त्याहून मोठं असतं, कारण ते आधीच एकदा घरातून उठून आलेलं असतं.

आजोळी राहणाऱ्या मुलासारखं

आईवडील ऊसतोडीला गेले की मूल आजोळी राहतं. मामी जेवू घालते, आजोबा अभ्यासाला बसवतात, खोडी काढली तर ओरडाही बसतो. तरी मुलाचं आडनाव बदलत नाही, आईवडील तेच राहतात आणि ते परत आले की मूल त्यांच्याकडे जातं. प्रतिपालकत्व बरंचसं असंच असतं. आजोळ इथे नात्यातून लाभत नाही, सरकार नेमून देतं आणि त्यावर देखरेखही ठेवते.

दत्तकात मूल कायद्याने कायमचं आपलं होतं. नाव लागतं, वारसाहक्क मिळतो, जन्मदात्यांशी कायदेशीर नातं संपतं. प्रतिपालकत्वात यातलं काहीच घडत नाही. मुलाचं जेवणखाण, शाळा, औषधपाणी आणि एकूण भलं पाहण्याची जबाबदारी तुमची. पालकत्वाचा शेवटचा शब्द मात्र तुमचा नसतो.

आजोळाची उपमा एका ठिकाणी तोकडी पडते. आजोळच्या मुलाला ठाऊक असतं की तोडीचा हंगाम संपला की आई येणार. प्रतिपालकाच्या घरी आलेल्या मुलाला पुष्कळदा हे ठाऊक नसतं. आई येईल का, कधी येईल, आली तर नेईल का? हे प्रश्न रोज त्याच्या उशाशी असतात. त्यांचं नक्की उत्तर तुमच्याकडेही नसतं, आणि असल्याचं सोंग आणायचं नसतं.

ही मुलं कोणती?

‘अनाथ’ हा शब्द इथे फसवा ठरतो. बालगृहातल्या कितीतरी मुलांचं कुणी ना कुणी जिवंत असतं. वडील तुरुंगात आणि आई मानसिक आजाराने अंथरुणाला, आईने दुसरं लग्न केलं आणि नव्या घरात मुलाला थारा नाही, दोघंही व्यसनात बुडालेली, अशी ती घरं असतात. अशा मुलाला दत्तक देता येत नाही, कारण जन्मदात्यांचा हक्क संपलेला नसतो. घरीही पाठवता येत नाही, कारण ते घर सध्या सुरक्षित नसतं. मग मूल वर्षानुवर्षं बालगृहात राहतं.

सुधारित तत्त्वांचा भर सहा वर्षांवरच्या मुलांवर आहे. भेटायला कुणीच येत नाही अशी, किंवा ज्यांचे पालक सांभाळण्यास अक्षम ठरले आहेत अशी ही मुलं. दत्तकासाठी कायद्याने मोकळी झालेली, पण वयामुळे किंवा विशेष गरजांमुळे कुटुंब न मिळालेली मुलंही यात येतात. लहान बाळ दत्तक मिळावं म्हणून इच्छुक पालक तीन-तीन वर्षांहून जास्त वाट बघतात, आणि त्याच व्यवस्थेत दहा-बारा वर्षांच्या मुलाला विचारणारं कुणी नसतं. प्रतिपालकांची खरी गरज इथे आहे.

चार योजना आणि त्यांची गल्लत

महाराष्ट्रात लोक ‘बालसंगोपन’ म्हणतात तेव्हा बहुधा राज्याची क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना त्यांच्या मनात असते. वडील वारले, मूल आईकडे किंवा आजीकडेच आहे आणि त्याच्या संगोपनासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात, असं तिचं आज सर्वाधिक दिसणारं रूप. दुसरं प्रायोजकत्व, म्हणजे स्पॉन्सरशिप. त्यातही मूल स्वतःच्याच घरी राहतं, शिक्षण-आरोग्यासाठी मदत मिळते आणि पैशाअभावी त्याला बालगृहात टाकायची वेळ येत नाही. प्रतिपालकत्वात मूल जन्मदात्यांच्या घराबाहेर, निवड आणि पडताळणी झालेल्या दुसऱ्या कुटुंबात राहतं. चौथं म्हणजे दत्तक. दत्तकाचा अंतिम आदेश निघण्याआधी मूल काही काळ भावी आईवडिलांकडे राहतं, त्यालाही कागदोपत्री फॉस्टर केअर म्हणतात. तो वेगळा टप्पा आहे, इथे त्याचा संबंध नाही.

शेजारची विधवा बाई आपलं मूल सांभाळायला धडपडत असेल, तर तिला पहिल्या दोन योजनांचा रस्ता दाखवणं हे मूल आपल्या घरी आणण्यापेक्षा चांगलं काम आहे. केवळ गरिबीपायी कुठल्याही मुलाचं घर तुटू नये.

ठरवतं कोण?

या सगळ्याचा आधार बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ आणि त्याचं कलम ४४. मुलाला कुठे ठेवायचं हा निर्णय बाल कल्याण समिती घेते. एक अध्यक्ष आणि चार सदस्यांची ही समिती असते, त्यात किमान एक महिला असावीच लागते. समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. पायपीट, चौकशी, अहवाल ही कामं जिल्हा बाल संरक्षण कक्ष करतो. तो जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या हाताखाली असतो. तुमचा संबंध मुख्यतः या कक्षाशी येईल.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. ओळखीच्या दवाखान्यातून, एखाद्या संस्थेच्या माणसाकडून किंवा थेट आईकडून ‘तुम्हीच घेऊन जा, कागद नंतर करू’ म्हणून परकं मूल घरी आणू नका. नोटरीच्या कागदाने पालकत्व मिळत नाही. कायद्याची पद्धत डावलून मूल दत्तक म्हणून दिलं किंवा घेतलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पैशाची देवघेव झाली तर तो मूल विकण्याचा गुन्हा ठरतो. एखादं मूल एकटं, बेवारस सापडलं तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर किंवा पोलिसांना २४ तासांच्या आत कळवणं बंधनकारक आहे. हेतू चांगला असला तरीही.

कोण होऊ शकतं प्रतिपालक?

जोडपं असेल तर किमान दोन वर्षांचा स्थिर संसार आणि दोघांच्या वयाची बेरीज किमान ७० हवी. एकटी व्यक्ती असेल तर वय ३५ ते ६०. एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी कुणालाही सांभाळू शकते, एकट्या पुरुषाकडे फक्त मुलगा दिला जातो. भारतीय नागरिकत्व लागतं, गुन्हा सिद्ध झालेला नसावा लागतो, आणि मुलाचा खर्च पेलेल इतकं उत्पन्न लागतं. बंगला लागत नाही. मुलाला निजायला स्वतःची जागा, अभ्यासाला उजेड असलेला कोपरा आणि स्वच्छ संडास-न्हाणी एवढं पुरतं. घरातल्या सगळ्यांची वैद्यकीय तपासणी होते, तीत क्षयरोग, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी यांच्याही चाचण्या येतात.

अर्जासोबत आधार, पॅन, रहिवासाचा व उत्पन्नाचा पुरावा, विवाहाचं प्रमाणपत्र, फोटो, वैद्यकीय दाखले आणि तुम्हाला चांगलं ओळखणाऱ्या दोघांची पत्रं तयार ठेवा. नोंदणी ऑनलाइन होते, तरी आधी एकदा बाल संरक्षण कक्षात जाऊन बसलेलं बरं. कुठल्या वयाची मुलं वाट पाहताहेत हे तिथेच कळतं.

गृहपाहणीत गाडी कुठे अडते

समाजसेवक घरी येतात तेव्हा लोक पाहुणे आल्यासारखं घर आवरतात आणि पोहे करतात. पोहे खुशाल करा. त्यांना मात्र घरातल्या माणसांमधले संबंध बघायचे असतात. ते प्रत्येकाशी वेगवेगळं बोलतात, आणि सून उत्साहाने बोलत असताना स्वयंपाकघरातली सासू गप्प आहे, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. सासूबाईंना नीट विचारलेलंच नसेल, तर चार महिन्यांनी ‘परक्याचं पोर’ हा शब्द मुलाच्या कानावर पडतोच. म्हणून घरातल्या एकाचाही ठाम नकार असेल तर थांबा, थोडा काळ जाऊ द्या.

आजार, कर्ज, पूर्वीचा घटस्फोट, स्वतःचं दगावलेलं मूल, हे लपवू नका. यातल्या बहुतेक गोष्टींनी अर्ज बाद होत नाही. लपवलेलं नंतर उघडं पडलं तर विश्वास जातो आणि मुलाला पुन्हा हलवावं लागतं. स्वतःचं मूल गमावल्याचं दुःख ताजं असेल तर आणखी थांबावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. आलेल्या मुलाला कुणाची रिकामी जागा भरायला लावू नये.

स्वतःच्या मुलांनाही आधीच आणि खरं सांगा. ‘तुला भाऊ आणतोय’ असं म्हणू नका. ‘एक मुलगा आपल्याकडे राहायला येतोय. किती दिवस ते अजून ठरलेलं नाही. तुझी खोली थोडी वाटून घ्यावी लागेल,’ असं सांगा.

जवळचंच मूल का?

नंदुरबारच्या पाड्यावर भिली बोलणारं मूल पुण्यातल्या फ्लॅटमध्ये आणलं तर ते चांगलं जेवेल, चांगल्या शाळेतही जाईल, पण रात्री कुणाशी बोलेल? मूल ठेवताना त्याची भाषा, चालीरीती, समाज यांच्याशी असलेला धागा आणि त्याची स्वतःची इच्छा लक्षात घ्यावी लागते. शक्य असेल तिथे भावंडं एकत्र ठेवावीत, हे तर कायद्यातच लिहिलंय.

जवळ राहण्याचे फायदे साधे आहेत. शाळा तीच राहते, मित्र तेच राहतात, आणि आईला भेटायला यायचं तर एसटीचं तिकीट परवडतं. पालक अक्षम ठरल्यामुळे मूल दुसरीकडे ठेवलं असेल, तर समितीने कारण नोंदवून मनाई केली नसेल तोवर त्यांना ठरावीक अंतराने भेटण्याची मुभा असते. आई २०० किलोमीटरवर असली की भेटी दोन-तीन महिन्यांत आटतात. मुलाचं परत जाण्याचं दारही मग हळूहळू लोटलं जातं.

मूल घरी येतं तेव्हा

आधी संस्थेत दोन-तीन वेळा भेटा, मग एखादा दिवस घरी आणा, मग मुक्कामाला. मूल नको म्हणालं तर तो निर्णय मानावा लागतो. समितीचा लेखी आदेश हातात पडल्यावरच मूल घरी येतं. तुम्ही हमीपत्र लिहून देता. मुक्काम अल्पकालीन असेल तर एक वर्षापर्यंत, दीर्घकालीन असेल तर त्याहून जास्त. दर वेळी आढावा घेऊन तो वयाच्या १८ वर्षांपर्यंत वाढवता येतो.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मूल फार शहाण्यासारखं वागतं. सांगण्याआधी ताट उचलतं, न विचारता झाडू घेतं. हे पाहून लोक भाळतात. खरं तर मूल अजून घाबरलेलं असतं, इथे किती दिवस टिकू याचा अंदाज घेत असतं. थोडं स्थिरावलं की खरी वागणूक दिसू लागते. उशीखाली पोळी सापडते. दहाव्या वर्षीही अंथरूण ओलं होतं. क्षुल्लक गोष्टीवर धादांत खोटं बोललं जातं. ‘तुम्ही माझे कोण?’ असं तोंडावर फेकलं जातं. नेमक्या याच वेळी कुटुंबं मूल परत करायच्या गोष्टी करू लागतात. खरं तर मूल तेव्हा पहिल्यांदाच तुमच्यावर विश्वास टाकून बघत असतं.

पोळी लपवणारं मूल चोर नसतं, भुकेला शिकलेलं असतं. त्याच्या हाताला लागेल अशा फडताळात एक डबा ठेवा. त्यात शेंगदाण्याची चिक्की, चुरमुरे, फुटाणे असं काही भरून ठेवा आणि सांगा, हा तुझा डबा, हा कधी रिकामा राहणार नाही. मग खरोखरच तो रिकामा राहू देऊ नका. महिना-दीड महिना लागतो, क्वचित जास्त. अंथरूण ओलं झालं तर गादीवर मेणकापड घाला, संध्याकाळनंतर पाणी बेताने द्या, रात्री एकदा उठवा आणि सकाळी चारचौघांत विषय काढू नका. त्रास चालूच राहिला तर लघवीची तपासणी करून घ्या, कारण कधी कधी ते साधं इन्फेक्शन असतं.

हात उगारायचा नाही, म्हणजे नाहीच. उपाशी ठेवण्याची किंवा ‘परत पाठवीन’ अशी धमकीही नाही. ‘परत पाठवीन’ हे वाक्य या मुलांना छडीपेक्षा जास्त लागतं.

पहिल्या महिन्यातच उरकायच्या गोष्टी थोड्या आहेत. बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी, हिमोग्लोबिन, दात, डोळे, कान. लसीकरणाचं कार्ड नसेल तर आरोग्य केंद्रात राहिलेल्या लशी विचारा. १० आणि १६ व्या वर्षीची टीडीची, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची लस हमखास राहून गेलेली असते. शाळेत ६ ते १४ वयाच्या मुलाला दाखला यायला उशीर झाला या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायदा हे स्पष्ट सांगतो. वर्ग वयाप्रमाणे मिळतो, पण अभ्यास मागे असतो. पाचवीतल्या मुलाला जोडाक्षरं येत नसतील तर तिथूनच सुरू करा. वर्गशिक्षकांना एवढंच सांगा की मूल सध्या आमच्याकडे आहे. त्याची सगळी कहाणी त्यांना सांगायची गरज नाही.

पैशांचं काय?

मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेखाली प्रतिपालकत्वासाठी दर मुलामागे दरमहा ४,००० रुपये ठरलेले आहेत. हे तुमचं मानधन नसतं, मुलाच्या खर्चाला लावलेला हातभार असतो. शाळेची रिक्षा, वह्या, दूध, कपडे, डॉक्टर धरले तर शहरात एवढ्यात भागत नाही. शिवाय रक्कम महिन्याच्या एक तारखेला येईलच या हिशोबाने चालू नका. सरकारी पैसा कधी दोन-चार महिन्यांचा एकदम येतो. सहा महिने अनुदानाविना चालवता येईल का, हा हिशोब आधी मांडा. चालवता येत नसेल तर सध्या घाई नको. खर्चाच्या पावत्या एका फायलीत ठेवल्या की पाहणीच्या वेळी धावपळ होत नाही.

‘दर महिन्याला कुणीतरी तपासायला येणार?’

हो. कायद्यात दरमहा पाहणी सांगितली आहे, आणि काळजीत कमतरता दिसली तर मूल दुसरीकडे हलवलं जातं. हा अविश्वास वाटतो आणि सुरुवातीला अपमानही वाटतो. पण दुसऱ्याचं मूल चार भिंतींआड ठेवायचं तर कुणीतरी आत डोकावलं पाहिजे, नाहीतर वाईट घरात पडलेल्या मुलाचं रडणं कधीच बाहेर पोचणार नाही. शिवाय ही पाहणी तुमच्याही कामाची. मुलाच्या वागण्याबद्दल अडलेलं तेव्हाच विचारून घ्या, समुपदेशकाची मागणी करा.

‘उद्या आमच्यावरच आळ आला तर?’

ही भीती खरी आहे. तिच्यावर उपाय रोजच्या शिस्तीत आहे. मुलाला झोपायला वेगळी जागा द्या, न्हाणीघराला आतून कडी असू द्या. पडलं-झडलं, खरचटलं तर त्याच दिवशी वहीत तारखेसह लिहा, आणि मोठी इजा असेल तर कक्षाला कळवा. पूर्वी झालेल्या अत्याचाराबद्दल मुलाने काही सांगितलं तर शांतपणे ऐका, उलटतपासणी करू नका, मोबाइलवर रेकॉर्ड करू नका. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचनही देऊ नका, कारण लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणं पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे.

मुलाचा फोटो व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला किंवा फेसबुकवर टाकायचा नाही. काळजी व संरक्षणाखालच्या मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. गणपतीत नातेवाईक फोटो काढतात, त्यांनाही आधीच सांगून ठेवा.

‘दोन वर्षांनी दत्तक घेता येतं ना?’

येऊ शकतं, पण अटी आहेत. पूर्वी पाच वर्षं सांभाळावं लागायचं, आता दोन. त्यासाठी समितीने मूल दत्तकासाठी मोकळं असल्याचं जाहीर केलेलं हवं, मुलाची संमती हवी, आणि दत्तकाची सगळी प्रक्रिया वेगळी पार पडावी लागते. आई बरी होऊन परत आली तर हा रस्ता बंद. ज्यांना मुळात दत्तकच हवं आहे त्यांनी सरळ दत्तकासाठी नोंदणी करावी. दत्तकाची आशा धरून प्रतिपालक झालेली माणसं आईच्या प्रत्येक भेटीकडे संकट म्हणून बघू लागतात. मुलाला ते कळतं, आणि आईवर प्रेम करणं म्हणजे तुमच्याशी बेइमानी, असं त्याला वाटू लागतं.

‘लळा लागला आणि मूल परत गेलं तर?’

लळा लागणारच, लागायलाच हवा. माया न करता सांभाळलेलं मूल बालगृहातच असल्यासारखं. घरी एकदा घट्ट माया मिळालेलं मूल ती पुढे कुणाशीही जोडू शकतं, स्वतःच्या आईशीसुद्धा. तुम्हाला मात्र दुःख होतं, आणि ते महिनोन् महिने टिकतं. घरात ते बोलून दाखवा, तुमच्या मुलांनाही रडू द्या.

परत जाणं एका दिवसात उरकू नये. आधी आईकडे एक दिवस, मग शनिवार-रविवार, मग सुट्टीचा आठवडा, असं समितीशी बोलून ठरवून घ्या. पुढे संपर्क ठेवायचा का, किती, हेही त्याच बैठकीत विचारा. मूल आईकडे न जाता तुमच्याकडेच १८ वर्षांचं झालं, तर २१ पर्यंत अनुरक्षणाची म्हणजे पुढच्या आधाराची तरतूद आहे. अनाथ मुलांना महाराष्ट्रात शिक्षण आणि नोकरीत एक टक्का आरक्षण आहे. त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं, म्हणून समितीचे आदेश आणि संस्थेतले जुने कागद एकही हरवू देऊ नका.

मूल घरात येईल त्या दिवसापासून एक वही ठेवा. पहिला दात कधी पडला, सायकल कधी आली, कुठल्या भाजीला नाक मुरडलं, कोणत्या बाईंनी शाबासकी दिली, आई भेटायला आली तेव्हा काय आणलं होतं. मधूनमधून फोटो चिकटवा. बाकीच्या मुलांचं हे सगळं घरातल्यांच्या आठवणीत जमा होतं, या मुलाचं जमा करायला कुणी नसतं. निघताना पिशवीत कपडे, शाळेचे दाखले, लसीचं कार्ड, बँकेचं पासबुक घाला, फडताळातला डबा भरून द्या, आणि वही त्याच्या हातात द्या.